नाशिकचं ब्राउनिंग: फोटोत दाखवतात ते पिस्तूल १९०९ साली होतं तरी का?

गोदाकाठ
२१ डिसेंबर जवळ आला की अनंत कान्हेरे यांच्यावरचे लेख आणि फॉरवर्ड फिरू लागतात. १९०९ साली याच तारखेला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. हा तपशील बहुतेक लेखांत बरोबर असतो. घोळ असतो तो सोबतच्या पिस्तुलाच्या चित्रात. 'हेच ते ब्राउनिंग' असं खाली लिहून लोक निदान तीन वेगवेगळी पिस्तुलं छापतात. एक गोल तोंडाचं आटोपशीर, एक जाडजूड मुठीचं लष्करी, आणि एक चपट्या बाजूंचं, ज्याचं तोंड दोन मजली दिसतं.

जाणकारांना प्रश्न असे. १९०९ पर्यंत ब्राउनिंगची कोणती मॉडेल्स बाजारात होती? फोटोवरून ती ओळखायची कशी? आणि आतली रचना नेमकी काय होती, की दहाएक वर्षांत हे नाव जगभर पोचलं? घटनेच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे भरपूर झाली आहे, या धाग्यात यंत्राबद्दल बोलू.

पुराभिलेख
चांगला धागा. आधी कागदावरचं सांगतो.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात आहे की फेब्रुवारी १९०९ च्या सुमारास विनायक सावरकरांनी पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुलं काडतुसांसह मिळवली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून ती मुंबईला आली. अमीन मार्चमध्ये मुंबईत उतरला. त्याआधीच बाबाराव सावरकरांना अटक झाली होती.

आता 'पॅरिस' या शब्दाकडे नीट बघा. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेनचा. त्याची पिस्तुलं दोन कंपन्या बनवत. अमेरिकेत कोल्ट, आणि बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातली फाब्रिक नॅशनाल, म्हणजे एफएन. ढोबळ वाटणी अशी होती की अमेरिका आणि ब्रिटन कोल्टकडे, युरोप खंड एफएनकडे. म्हणून लंडनमध्ये विकत घेतलेलं पिस्तूल कोल्ट असण्याची शक्यता जास्त. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर चालवलं ते कोल्टच. पॅरिसहून आलेली २० पिस्तुलं मात्र हेर्स्टालची धरणंच सयुक्तिक.

फेब्रुवारी १९०९ मध्ये एफएनची तीन ब्राउनिंग विक्रीला होती: १९०० चं, १९०३ चं आणि १९०६ चं. १९१० चं मॉडेल तोवर बाजारात आलेलंच नव्हतं.

लेथ_मास्तर
पुराभिलेख यांनी यादी दिलीच आहे, ओळखायच्या खुणा मी देतो. पिस्तूल समोरून, म्हणजे तोंडाकडून बघायचं. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे गेलेला भाग परत पुढे ढकलणारी स्प्रिंग, कुठे बसवली आहे ते तिथे कळतं, आणि या चारही मॉडेल्सची ओळख त्यावरच ठरते.

१९००: स्प्रिंग नळीच्या वर. समोरून खाली नळी आणि वर स्प्रिंगचा बोगदा, त्यामुळे तोंड दोन मजली दिसतं. बाजू सपाट. मागच्या भागात ठळक स्क्रू. मुठीच्या मागे दाबायची पट्टी नाही. कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ७.६५ मिमी; काडतूस .३२ एसीपी. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीत, ७ गोळ्या, नळी १०२ मिमी, वजन ६२५ ग्रॅम.

१९०३: स्प्रिंग नळीच्या खाली. लांबी २०५ मिमी, वजन ९३० ग्रॅम. काडतूस ९ मिमी ब्राउनिंग लाँग. लष्करासाठी बनवलेलं, खिशात मावणारं नाही. स्वीडनच्या सैन्याने हेच घेतलं होतं.

१९०६: हेही स्प्रिंग खाली असलेलं, पण तळहातात झाकलं जाईल इतकं लहान. लांबी ११४ मिमी, काडतूस ६.३५ मिमी म्हणजे .२५ एसीपी, गोळ्या ६.

१९१०: स्प्रिंग थेट नळीभोवती गुंडाळलेली. त्यामुळे स्लाइड (नळीवर पुढेमागे सरकणारा वरचा भाग) पुढून गोल, आणि तोंडाशी खवल्यांची एक गोल कडी, जी फिरवून काढता येते.

धाग्यातलं 'गोल तोंडाचं आटोपशीर' म्हणजे हे १९१०. नाशिकच्या लेखांतून ते काढूनच टाकायला हवं.

वाटसरू
पण मी तर वाचलंय की ते ९ एमएमचं होतं, १३ गोळ्यांचं. ब्राउनिंग म्हटलं की तेच ना?

लेथ_मास्तर
वाटसरू, ते ब्राउनिंग हाय-पॉवर, १९३५ चं. धाग्यातलं 'जाडजूड मुठीचं लष्करी' तेच. मूठ जाड, कारण मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसतात. ब्राउनिंग १९२६ साली लिएजला वारला तेव्हा त्याचं काम अर्धवट होतं. द्यूदोने सेव्ह या एफएनच्याच अभियंत्याने ते पूर्णत्वाला नेलं. नाशिकच्या घटनेनंतर २६ वर्षांनी आलेलं पिस्तूल कान्हेऱ्यांच्या हातात देणारे लेख बघून खरंच वाईट वाटतं, कारण बाकी मजकुरावर लेखकाने मेहनत घेतलेली असते.

अश्विनी_ठाणे
वाचनखूण साठवली. एक शंका. स्प्रिंग नळीच्या वर ठेवायचं कारण काय? पुढच्या सगळ्या मॉडेल्समध्ये ती खाली किंवा भोवती गेली, म्हणजे वरची जागा गैरसोयीची असणार. मग मुळात तिथे का ठेवली? आणि गोळी सुटल्यावर आत काय होतं ते कोणी क्रमाने सांगेल का?

तरफ
अश्विनीताई, सविस्तर लिहितो, कारण या पिस्तुलाची खरी गंमत इथेच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. एफएन १८८९ साली बेल्जियन सैन्यासाठी दीड लाख माउझर रायफली बनवायला स्थापन झाली. ते काम आटोपत आल्यावर कारखान्याला नवं उत्पादन हवं होतं. कंपनीचा हार्ट बर्ग अमेरिकेत गेला, त्याची ब्राउनिंगशी गाठ पडली आणि जुलै १८९७ मध्ये करार झाला. आधी १८९९ चं मॉडेल, मग थोड्या फरकाने १९०० चं. बेल्जियन सैन्याने ते स्वीकारलं. बंद होईपर्यंत सात लाखांच्या आसपास नग बनले.

आता रचना. नळी चौकटीला पक्की, जागची हलत नाही. तिच्यावर पुढेमागे सरकणारी स्लाइड. तेव्हाच्या इतर स्वयंभरण पिस्तुलांत, म्हणजे बोर्खार्ट किंवा माउझर सी-९६ मध्ये, नळी उघडी असे आणि मागचा बोल्ट तेवढा सरके. नळीवरून जाणारी स्लाइड विक्रीच्या पिस्तुलात पहिल्यांदा आली ती इथे. आज जगातल्या बहुतेक पिस्तुलांना ती असते.

स्लाइडच्या मागच्या भागात ब्रीचचा, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, ठोकळा स्क्रूंनी बसवलेला. त्याच्या आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई. घोडा, म्हणजे ठोका मारणारी हातोडी, बाहेर नाही, आतही नाही. वरच्या बोगद्यात रिकॉइल स्प्रिंग आणि तिच्या मधून जाणारा दांडा. दांड्याचं मागचं टोक एका लहान तरफेला जोडलेलं. तरफ मधल्या खिळीवर फिरते आणि तिचं खालचं टोक स्ट्रायकरला धरून असतं. म्हणजे एकच स्प्रिंग दोन कामं करते. स्लाइड पुढे ढकलते आणि स्ट्रायकरही मारते. स्प्रिंग वर असण्याचं कारण हेच. तिथून तरफेने थेट खाली स्ट्रायकरपर्यंत पोचता येतं.

आता क्रम. पहिल्या गोळीसाठी स्लाइड हाताने मागे ओढून सोडायची. ती पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, नेते. स्ट्रायकर मात्र सीअरवर, म्हणजे चापाने सुटणाऱ्या अडणीवर, अडकून मागेच राहतो. त्यामुळे स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही, तिच्यात ताण उरतो. चाप ओढला की सीअर खाली जातो, उरलेला ताण तरफेतून स्ट्रायकरवर येतो आणि काडतूस पेटतं. वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो तसाच रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीच स्लाइडला मागे लोटते. एक्स्ट्रॅक्टर नावाची आकडी तिला धरून बाहेर काढते, ती उडून जाते, स्प्रिंग दबते, स्लाइड परत येताना पुढचं काडतूस घेऊन येते. कागदपत्रांत ऑटोमॅटिक लिहिलेलं असलं तरी चापाच्या एका दाबाला एकच गोळी सुटते.

कुठलंही कुलूप नाही. स्लाइड आणि नळी एकमेकींना अडकवलेल्या नाहीत. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच सगळं चालतं. याला ब्लोबॅक म्हणतात.

डेक्कनवासी
कुलूप नाही तर गोळी नळीत असतानाच मागचं तोंड उघडून वायू अंगावर का येत नाही? हा प्रश्न दर वेळी पडतो.

तरफ
गणित करून बघा, सोपं आहे. .३२ ची गोळी ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २९० मीटर. गोळीचा पुढचा संवेग (वजन गुणिले वेग) जेवढा, तेवढाच स्लाइडचा मागचा. ०.००४६ गुणिले २९० म्हणजे १.३३. स्लाइड आणि तिच्यासोबत सरकणारे भाग मिळून अडीचशे ग्रॅम धरले तर स्लाइडला वेग मिळतो सेकंदाला सुमारे ५.३ मीटर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंतर. गोळी १०२ मिमी नळी ओलांडते तोवर स्लाइड सरकते १०२ गुणिले ४.६ भागिले २५०, म्हणजे जेमतेम १.९ मिमी. (दारूचं वजन धरलं तर किंचित जास्त.) पुंगळी १७ मिमी लांब. गोळी तोंडातून बाहेर पडते तेव्हा पुंगळीचा जवळजवळ सगळा भाग चेंबरच्या भिंतींच्या आतच असतो. दाब पडून गेल्यावर ती बाहेर येते.

हेच ९ मिमी पॅराबेलम या जास्त जोरकस काडतुसाला लावा. ८ ग्रॅमची गोळी आणि वेग साडेतीनशे, म्हणजे संवेग दुपटीहून जास्त, शिवाय दाबही बराच मोठा. स्लाइड फार जड करावी लागेल. म्हणून तिथे कुलूप लागतं. ब्राउनिंगने कुलपाचे आराखडेही त्याच सुमारास केले होते, ते कोल्टकडे गेले. खिशातल्या पिस्तुलासाठी त्याने .३२ चं काडतूस मुद्दाम ब्लोबॅकला झेपेल अशा मापाचं आखलं. पिस्तूल आणि काडतूस एकमेकांसाठी बनले आहेत, हे या रचनेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

डेक्कनवासी
गणित पटलं. पण एक स्प्रिंग दोन कामं करते याचं कौतुक मला पटत नाही. जुनी झाल्यावर ती एकच स्प्रिंग दोन्हीकडून दगा देते. ताण कमी झाला की स्लाइड शेवटचे एकदोन मिलिमीटर पुढे जात नाही, आणि गेली तरी स्ट्रायकरचा ठोका हलका बसतो. काडतुसाच्या बुडावर नुसता पुसट खड्डा पडतो, पेट घेत नाही. तेल वाळून चिकट झालं तरी लक्षणं हीच. म्हणजे दोष स्प्रिंगचा की घाणीचा, हे साफ केल्याशिवाय कळत नाही. स्वतंत्र स्प्रिंगा असत्या तर लक्षणावरून लगेच बोट ठेवता आलं असतं.

आणि ब्राउनिंगने स्वतःच ही कल्पना सोडून दिली. १९०३ मध्ये त्याने आत वेगळा घोडा आणि त्याला वेगळी स्प्रिंग दिली. १९१० मध्ये स्ट्रायकर परत आला, पण स्वतःची स्प्रिंग घेऊन.

तरफ
दोष मान्य. पण दोन फायदे नोंदवतो. एक, नळी खाली असल्याने ती हाताच्या जवळ येते. धक्क्याची रेषा मनगटाच्या जितकी जवळ, तितकं तोंड कमी उसळतं. दुसरी गोळी लवकर नेमावर येते. दोन, पिस्तूल तयार स्थितीत नसेल तर तीच तरफ वर येऊन नेम धरायच्या रेषेत आडवी येते. ती दिसली की समजायचं स्ट्रायकर सुटलेला आहे. वेगळा एकही भाग न वाढवता मिळालेली ही सूचना आहे.

उणीव सांगायची तर मुठीला सेफ्टी नाही, फक्त डाव्या बाजूचा खटका. त्याच्याजवळ फ्रेंचमध्ये 'फ' आणि 'स्यूर' हे दोन शब्द कोरलेले असतात, म्हणजे आग आणि सुरक्षित. मूठ दाबल्याशिवाय चाप न चालणारी पट्टी १९०३ पासून आली.

शंकासुर
सगळं ठीक आहे, पण .३२ म्हणजे अगदीच अशक्त काडतूस. त्या काळी वेब्ली रिव्हॉल्व्हर मिळत होतं, .४५५ चं. ते सोडून हे का?

लेथ_मास्तर
अशक्त हे तुलनेने खरं. .३२ ची ऊर्जा १९० जूलच्या आसपास, ९ मिमी पॅराबेलमची साधारण ४९०. पण वेब्ली किलोभर वजनाचं, आणि सिलिंडरचा फुगवटा कपड्यातून दिसतोच. १९०० चं ब्राउनिंग ६२५ ग्रॅम आणि दोन्ही बाजूंनी चपटं. रिव्हॉल्व्हरमध्ये ६, यात ७. भरायला मुठीच्या तळाचा खटका मागे दाबून मॅगझिन काढायचं आणि दुसरं सरकवायचं.

जवळच्या अंतरावर .३२ पुरेसं होतं हे त्या काळच्या घटनांवरून दिसतंच. १६ जून १९०४ ला हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर ऑइगन शाउमनने चालवलं ते हेच मॉडेल. २६ ऑक्टोबर १९०९ ला चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमीवर कोरियाच्या आन जुंग-गुनने चालवलं तेही हेच. हार्बिन आणि नाशिक यांत दोन महिन्यांचंही अंतर नाही.

पुराभिलेख
कायद्याचाही भाग आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या पिस्तूल कायद्यानुसार ९ इंचांपेक्षा आखूड नळीचं शस्त्र घ्यायला बंदुकीचा परवाना पुरे, आणि तो पोस्टात १० शिलिंगांना मिळे. हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा, परवान्याशिवाय काहीच नाही. एकाच साम्राज्यात ही दोन टोकं. मग शस्त्र तिकडून आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि आणायचं तर वीस नग पेटीच्या तळात मावतील असंच हवं.

सह्यवेडी
अवांतर: चंद्रशेखर आझादांचं अलाहाबाद संग्रहालयातलं पिस्तूल याच घराण्यातलं का? त्यावर कोल्ट असं लिहितात.

लेथ_मास्तर
हो, कोल्ट १९०३ पॉकेट हॅमरलेस, .३२ चं, ८ गोळ्यांचं. आराखडा ब्राउनिंगचाच, आणि एफएन १९०३ चा सख्खा भाऊ. एफएनने मोठ्या काडतुसासाठी थोराड केलं, कोल्टने .३२ साठी लहान. नावात हॅमरलेस असलं तरी घोडा आहे, फक्त स्लाइडच्या आत झाकलेला. खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून.

वाटसरू
मग कलकत्त्याच्या रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीतून पळवलेली ५० पिस्तुलं? तीही ब्राउनिंगच होती ना?

पुराभिलेख
नाही, ती माउझर. २६ ऑगस्ट १९१४ ची घटना, ५० पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं. माउझर सी-९६ चं मॅगझिन चापाच्या पुढे पेटीसारखं असतं आणि मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल. ब्राउनिंगशी गल्लत होण्यासारखं त्यात काहीच नाही. ९ सप्टेंबर १९१५ ला बालासोरजवळ बाघा जतीन यांच्या चकमकीत माउझर होती. त्यावर वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे.

बे_एरियातला_पुणेकर
इथे अमेरिकेत जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनांत १९०० चं ब्राउनिंग बऱ्याचदा दिसतं. अस्सल ओळखायच्या काही खुणा.

स्लाइडवर डाव्या बाजूला 'फाब्रिक नॅशनाल हेर्स्टाल लिएज' आणि ब्राउनिंगच्या पेटंटचा उल्लेख. ही अक्षरं रोमन लिपीत, सरळ आणि नेटकी. लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का, म्हणजे लंबगोलात ई-एल-जी ही तीन अक्षरं आणि वर मुकुट. मुकुट १८९३ नंतरचा, त्यामुळे या पिस्तुलावर तो हवाच. चीनमध्ये याच्या पुष्कळ नकला झाल्या. त्यांत अक्षरांची जुळणी चुकते, कधी अक्षर उलटंच कोरलेलं असतं. उत्तर कोरियाने १९६४ मध्ये टाइप-६४ म्हणून याचीच नक्कल केली.

मग स्क्रू बघायचे. १९०० चं पिस्तूल उघडायचं तर ब्रीचच्या ठोकळ्याचे स्क्रू काढावेच लागतात, त्यामुळे प्रत्येक साफसफाईत स्क्रूड्रायव्हर लागतो. पातं खाचेपेक्षा अरुंद किंवा पातळ असेल तर घसरतं आणि खाचेच्या कडा उमलतात. शंभर वर्षांत बहुतेक नगांची ही दशा झालेली असते. उलट, पिस्तूल झिजलेलं आणि स्क्रूच्या खाचा कोऱ्या करकरीत असतील तर स्क्रू नंतर बदललेले समजा. पातं नेहमी खाचेच्या पूर्ण रुंदीचं आणि समांतर कडांचं हवं, निमुळतं नको.

मुठीच्या पट्ट्या कडक रबराच्या, एबोनाइटच्या. नव्या असताना काळ्याभोर. प्रकाशाने त्या तपकिरी-हिरवट पडतात, कारण रबरातलं गंधक बाहेर येऊन हवेतल्या ओलाव्याशी आम्ल बनवतं. ते आम्ल पट्टीखालच्या पोलादाला खातं. म्हणून संग्रहालयात काचेच्या पेटीत दिवा थेट मुठीवर सोडू नये.

गोदाकाठ
हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. एबोनाइटबरोबर नळीही बघायला हवी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. पेटल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. ते मिठाच्या जातीचं, हवेतली ओल ओढतं. कोकणात किंवा नाशिकच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरायला तेवढं पुरतं. आणि ते तेलात विरघळत नाही. नुसतं तेल फिरवलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं आणि खड्डे पडत जातात. आधी गरम पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, मगच तेल. १९०० च्या मॉडेलात नळी चौकटीला पक्की, सुटी होत नाही, त्यामुळे पाणी आत कुठे साचू न देता हे करणं जिकिरीचं. जुन्या नगांत चेंबरच्या पुढच्या भागात खड्डे सर्रास दिसतात ते यामुळेच.

अश्विनी_ठाणे
घरात वाडवडिलांचं असं काही सापडलं तर ते पुरावस्तू म्हणून ठेवता येतं का, हे नेहमी विचारलं जातं.

पुराभिलेख
वयावर जाऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ ची सूट जुन्या बनावटीच्या, पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त अग्निशस्त्रांना आहे, पण ती वापरण्याजोगी नसतील तरच. १९०० चं ब्राउनिंग बहुधा चालू असतं आणि .३२ चं काडतूस आजही बनतं. इशापूरचं अशनी पिस्तूल त्याच काडतुसाचं. तेव्हा असं काही सापडलं तर हाताळत न बसता वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात कळवायचं.

शंकासुर
आता मूळ प्रश्नाकडे या. लेखात चित्र कोणतं छापायचं? १९०० चंच, असं ठामपणे म्हणता येतं का?

पुराभिलेख
१९१० आणि १९३५ बाद, हे तारखेवरूनच ठरलं. १९०३ मोठं आणि जवळजवळ किलोभराचं. वीस नग म्हणजे १८ किलोंच्या वर, काडतुसं वेगळी. चोरकप्प्यासाठी कोणी मुद्दाम ते निवडणार नाही. १९०० चे वीस नग साडेबारा किलो, १९०६ चे साडेसातच्या आसपास. खरी स्पर्धा या दोघांत. १९०९ पर्यंत सर्वांत जास्त खपलेलं आणि नाव झालेलं १९०० होतं, त्यामुळे माझा कौल त्याला.

पण चित्राखाली 'हेच ते पिस्तूल' लिहू नये. 'त्या काळी मिळणारं ब्राउनिंग, मॉडेल १९००' असं लिहावं. साराएव्होच्या बाबतीत अगदी उलटी चूक वर्षानुवर्षं चालली. प्रिन्सिपने २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर चालवलेलं पिस्तूल १९०० चं, .३२ चं, असं पुस्तकांत छापून येत राहिलं. प्रत्यक्षात ते १९१० चं, ९ मिमी शॉर्टचं, क्रमांक १९०७४. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे. तिथे अनुक्रमांकावरून निकाल लागला. नाशिकच्या बाबतीतही शब्द टाकायचा तो मुद्देमालाच्या नोंदीतलं कॅलिबर आणि अनुक्रमांक बघूनच.

डेक्कनवासी
१९०६ ला इतक्या सहज बाजूला सारू नका. ११४ मिमी लांबी आणि पावणेचारशे ग्रॅमच्या आत वजन. चोरकप्प्याचाच निकष लावायचा तर तेच सरस ठरतं. वजनाचा मुद्दा १९०३ ला लावता तसा १९०० लाही लावा.

लेथ_मास्तर
डेक्कनवासी, मुद्दा रास्त. पण .२५ ची गोळी ३.२ ग्रॅमची आणि वेगही कमी, ऊर्जा .३२ च्या निम्म्याहूनही खाली. ५३ मिमीच्या नळीने आणि इवल्याशा मुठीने काही पावलांपलीकडे नेम धरणं अवघड. तेव्हाच्या शस्त्रविक्रेत्याने खिशातलं पण भरवशाचं म्हणून १९०० च पुढे केलं असतं.

कॅलिबर कळलं तर वाद एका ओळीत मिटेल, कारण या तिन्ही मॉडेल्सचं काडतूस वेगळं आहे. ७.६५ लिहिलेलं असेल तर १९००. ६.३५ असेल तर १९०६. ९ असेल तर १९०३. रिकामी पुंगळी जपलेली असेल तरी चालेल. १७ मिमी लांब आणि कडा अंगापेक्षा किंचित रुंद, म्हणजे बुडाशी ८.६ आणि कडेला ९.१ मिमी, तर ती .३२.

अश्विनी_ठाणे
ही अर्धीच बाहेर आलेली कड कशासाठी? पूर्ण बिनकडेची का नाही केली?

लेथ_मास्तर
काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचं ते या कडेवर ठरतं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मोठी कड असते. ती मॅगझिनमध्ये एकमेकींत अडकते, म्हणून ब्राउनिंगने ती जेमतेम ठेवली. तरी त्रास पूर्ण गेला नाही. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते तेव्हा ते खालच्यालाही ओढतं, आणि दोन्ही तिथेच अडतात. मग चापटी मारून उपयोग नाही, मॅगझिन काढून वरचं काडतूस सोडवावं लागतं. म्हणून भरताना प्रत्येक वरचं काडतूस खालच्याच्या कडेपुढेच बसलंय याची खात्री करतात. मूळ मापाच्या लांब गोळीसाठी मॅगझिन नेमकं बेतलेलं, त्यामुळे मागेपुढे सरकायला जागा कमी. आताच्या आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्या त्यात भरल्या की मोकळी जागा वाढते आणि अडकण्याचं प्रमाणही.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. लेथ_मास्तर, चारही मॉडेल्सची तोंडाकडून दिसणारी रेखाचित्रं एका पानावर काढून इथे चढवाल का? पुढच्या डिसेंबरात लेख लिहिणाऱ्यांना दुवा देता येईल.

लेथ_मास्तर
काढतो. सगळी एकाच प्रमाणात ठेवतो आणि स्प्रिंगची जागा लाल रंगात दाखवतो.